रेल्वेच्या मेडिकलमध्ये कळलेली रंगांधता

वाचकांचे पत्र : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. आयटीआयमधून फिटर झाल्यावर त्याने असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेची मन लावून तयारी केली, लेखी परीक्षेचे सगळे टप्पे पार केले आणि मेडिकलमध्ये ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचता न आल्यामुळे तो अपात्र ठरला. त्याला काही रंग ओळखता येत नाहीत हे तोपर्यंत घरात कोणालाच ठाऊक नव्हते. हा दोष आईकडून येतो असे कोणीतरी सांगितल्यापासून सासूबाई आणि मिस्टर मलाच बोल लावतात, कारण माझ्या धाकट्या भावालाही लहानपणी झाडावरची पिकलेली मिरची ओळखता येत नसे. मुलगा घराबाहेर पडेनासा झाला आहे. ओळखीच्या एकाने महागडा चष्मा सुचवला आहे, तर दुसऱ्याने डोळ्यात लाल लेन्स घालून पुन्हा मेडिकल द्यायला सांगितले आहे. मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू आहे. समोरच्यांना हे सांगावे की नाही? माझ्या बहिणीचा मुलगा आठवीत आहे, त्यालाही असेल का? आणि यावर काही उपाय आहे का?
— एक आई, भुसावळ

सप्रेम नमस्कार.

उपायाचा प्रश्न तुम्ही सर्वांत शेवटी विचारला आहे आणि त्याआधी घरात लागणाऱ्या बोलांबद्दल लिहिले आहे. मीही त्याच क्रमाने उत्तर देते, कारण तुमच्या घरात हा विषय आज ज्या पद्धतीने बोलला जातो आहे ती बदलल्याखेरीज मुलाला पुढचे काही सुचणे अवघड आहे.

प्रथम मुलाच्या डोळ्यांत नेमके काय वेगळे आहे ते समजून घ्या. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे बारा कोटी दंडपेशी अंधूक उजेडात काम करतात आणि त्यांचा रंगांशी संबंध नसतो. साठ ते सत्तर लाख शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात, आणि रंग दिसतात ते त्यांच्यामुळे. या शंकूपेशींचे तीन प्रकार आहेत. एक प्रकार आखूड तरंगलांबीच्या, साधारण ४२० नॅनोमीटरच्या, निळसर जांभळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा ५३० च्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला आणि तिसरा ५६० च्या आसपासच्या. या तिसऱ्याला आपण सोयीसाठी लाल म्हणतो, पण त्याचा प्रतिसाद खरे तर पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक असतो. यातली कोणतीही एक पेशी एकटी रंग ओळखू शकत नाही. ती फक्त आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच कळवते. तिन्ही प्रकारांकडून आलेल्या निरोपांची तुलना मज्जासंस्था करते आणि त्या तुलनेतून आपल्याला रंग दिसतो. दुसरा किंवा तिसरा प्रकार नसला, अथवा त्या दोघांचे प्रतिसाद एकमेकांच्या फार जवळ सरकलेले असले, तर तुलनेचा तेवढा भाग कोरा राहतो, आणि ज्या छटा केवळ त्या तुलनेने वेगळ्या ठरतात त्या सारख्या भासू लागतात.

म्हणूनच तुमच्या मुलाला जग कृष्णधवल दिसते असे कोणी म्हणत असेल तर ते चुकीचे आहे. त्याला निळा आणि पिवळा उत्तम दिसतात. गडद आणि फिकट यांतला फरकही उत्तम दिसतो, आणि पत्रावरून तरी त्याची नजर इतर बाबतींत स्वच्छच असावी. अडचण येते ती हिरवा आणि तपकिरी, जांभळा आणि निळा, फिकट गुलाबी आणि करडा अशा जोड्यांत, आणि हिरव्या पानांच्या गर्दीतली लाल मिरची शोधताना. ही अडचण जन्मापासून असते. शेजारच्याला काय दिसते हे कोणालाच आतून पाहता येत नसल्यामुळे, आपल्याला काही कमी दिसते आहे अशी शंकासुद्धा त्या मुलाला येत नाही. पानाला हिरवे आणि कुंकवाला लाल म्हणतात हे तो ऐकून शिकतो, वस्तूचा आकार, जागा आणि उजळपणा पाहून नाव बरोबर सांगतो, आणि वयाची वीस वर्षे अशीच निघून जातात. तुमच्या घरात हे कळले नाही यात नवल काही नाही.

जॉन डाल्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या बाबतीत हेच घडले होते, आणि पुढे त्याच्याच नावावरून या अवस्थेला डाल्टनिझम म्हणू लागले. जिरेनियमचे गुलाबी फूल दिवसा त्याला आकाशी निळे दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडात एकदम बदललेले वाटे. इतरांना तसा बदल दिसत नाही हे लक्षात आल्यावर त्याने विचारपूस केली, तेव्हा त्याच्या भावालाही अगदी तसेच दिसत असल्याचे कळले. १७९४ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेत त्याने स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला. त्याची समजूत अशी होती की आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असल्यामुळे तो लाल प्रकाश अडवतो. ही समजूत तपासून पाहता यावी म्हणून मृत्यूनंतर आपले डोळे उघडून पाहावेत असे त्याने सांगून ठेवले होते. १८४४ मध्ये तो वारल्यावर त्याच्या डॉक्टरांनी तसे केले आणि द्रव नितळ निघाला. डोळ्यांचे जपून ठेवलेले अवशेष १९९५ मध्ये जनुकीय तपासणीसाठी घेण्यात आले, तेव्हा कोडे सुटले : मध्यम तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या, शंकूपेशींचे जनुक त्याच्याकडे नव्हते. हे मी एवढ्यासाठी लिहिते आहे की तुमच्या मुलाने ते वाचावे. अणूची कल्पना आधुनिक रसायनशास्त्रात रुजवणारा हा माणूस त्याच्यासारखाच होता.

आता आईकडून येते म्हणजे काय ते पाहू. लाल आणि हिरव्या शंकूपेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. स्त्रीकडे दोन एक्स असतात. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. मुलाला वाय वडिलांकडून मिळतो आणि एक्स फक्त आईकडून. आईच्या दोन एक्सपैकी एकावर ही जनुके बिघडलेली असली तरी दुसरा एक्स काम भागवतो, म्हणून तिला स्वतःला बहुधा सगळे रंग दिसतात आणि आपण वाहक आहोत हे तिला सहसा कळत नाही. तोच एक्स मुलाच्या वाट्याला आला तर त्याच्याकडे काम भागवणारा दुसरा एक्स नसतो. यामुळे ही अवस्था पुरुषांत पुष्कळ आणि स्त्रियांत क्वचित आढळते. युरोपीय वंशाच्या लोकसमूहांत सुमारे आठ टक्के पुरुषांत आणि जेमतेम अर्धा टक्का स्त्रियांत ती असते. आपल्याकडच्या पाहण्यांत पुरुषांतले प्रमाण यापेक्षा बहुधा कमी आढळते, तरीही कोणत्याही गावात असे पुरुष असतातच, फक्त ते कोणाला माहीत नसते.

हे इतके सर्रास का आढळते त्याचेही कारण सापडले आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत दोनच प्रकारच्या शंकूपेशी असतात. गाय, कुत्रा, हरीण यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, आणि वाघाचा नारिंगी रंग हरणाला गवतासारखाच दिसतो म्हणून वाघाचे फावते. आपल्या वानरवंशी पूर्वजांत काही कोटी वर्षांपूर्वी एका जनुकाची दुसरी प्रत एक्स गुणसूत्रावर शेजारीच तयार झाली, तिच्यात हळूहळू बदल झाले आणि तिसरा प्रकार मिळाला. मात्र ही दोन जनुके आजही जवळजवळ सारखी आहेत आणि अगदी एकमेकांलगत आहेत. पोथीची नक्कल करताना लागोपाठच्या दोन सारख्या ओळी आल्या की लेखनिकाची नजर घसरून एक ओळ गळते, तसे बीजांड तयार होताना या जोडीतले एखादे जनुक गळते किंवा दोहोंचे तुकडे एकमेकांत मिसळतात. १९८६ मध्ये जेरेमी नेथन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जनुके ओळखून दाखवली, तेव्हापासून हे निश्चितपणे माहीत आहे. यात कोणाच्या खाण्यापिण्याचा, गरोदरपणातल्या काळजीचा, ग्रहणाचा किंवा पूर्वजन्मीच्या कर्माचा काही संबंध नाही.

तुमच्या धाकट्या भावाची आठवण खरी असेल, तर त्याचाही एक्स त्याच्या आईकडूनच आला, म्हणजे तुमच्या आई वाहक होत्या, आणि त्यांना तो त्यांच्या आईकडून अथवा वडिलांकडून आला असणार. ही साखळी मागे कितीही पिढ्या नेता येते आणि तिच्यातल्या एकाही व्यक्तीने काही केलेले नाही. भाचा मामावर गेला असे आपण सहज म्हणतो. या एका बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. सासूबाईंना आणि मिस्टरांना एक गोष्ट अवश्य सांगा. मूल मुलगा होणार की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे, तरी मुली झाल्या म्हणून आपल्याकडे कित्येक पिढ्या सुनांनाच छळले गेले. आज विज्ञानाचे अर्धे वाक्य ऐकून पुन्हा एका आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात असेल, तर ते मला अतिशय अन्यायाचे वाटते. गुणसूत्र कोणाकडून आले याचे उत्तर तुम्ही आहात. पण जबाबदार कोण हा प्रश्नच इथे उद्भवत नाही. तुमच्या घरी हे पत्र वाचून दाखवले जाणार असेल, तर हा परिच्छेद मोठ्याने वाचावा अशी माझी विनंती आहे.

मुलाला अपात्र ठरवणारी चाचणी टोकियोचे नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी जपानी लष्करासाठी तयार केली आणि १९१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या आकारांच्या आणि कमीअधिक उजळ ठिपक्यांत आकडा लपवलेला असतो, तो केवळ रंगाच्या फरकाने उठून दिसतो. उजळपणावरून अंदाज बांधता येऊ नये अशी ती रचना आहे. पहिले पान सर्वांनाच वाचता येते, कारण सूचना समजली आहे की नाही हे त्यावरून पाहायचे असते. काही पानांवर तर असा आकडा असतो की तो रंगांध व्यक्तीला दिसतो आणि इतरांना दिसत नाही, कारण इतरांची नजर रंगांच्या गोंधळात अडकते. पाने दिवसाच्या उजेडात, डोळ्यांपासून सुमारे ७५ सेंटिमीटरवर धरायची आणि प्रत्येक पानाला तीनेक सेकंद द्यायचे, अशी पद्धत आहे. मोबाइलच्या पडद्यावर केलेली तपासणी भरवशाची नसते, कारण पडद्याचे रंग आणि प्रकाश दर वेळी बदलतात.

रेल्वे एवढी कठोर का आहे, याबद्दल मुलाच्या मनात राग असणे स्वाभाविक आहे. त्याने १५ नोव्हेंबर १८७५ रोजी स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे झालेल्या अपघाताबद्दल वाचावे. दोन गाड्या समोरासमोर आदळून नऊ जण मृत्युमुखी पडले, आणि उप्साला विद्यापीठातले प्राध्यापक फ्रितिओफ होल्मग्रेन यांनी असे प्रतिपादन केले की चालकाला सिग्नलचा रंग ओळखता आला नसावा. चालक स्वतः अपघातात दगावल्यामुळे ते कधीच सिद्ध झाले नाही आणि पुढच्या अभ्यासकांनी त्यावर शंकाही घेतली आहे. तरीही होल्मग्रेन यांनी रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला लावून रेल्वे कर्मचाऱ्यांची तपासणी केली, त्यांच्यात रंगांध माणसे खरोखरच सापडली, आणि तेव्हापासून देशोदेशीच्या रेल्वेंनी ही अट घातली. रस्त्यावरच्या सिग्नलमध्ये वरचा दिवा लाल हे जागेवरून कळते. रेल्वेच्या चालकाला मात्र रात्री, पावसात किंवा धुक्यात लांबून प्रकाशाचा एक ठिपका दिसतो, आणि तो लाल आहे, पिवळा आहे की हिरवा, यावरच त्याला ब्रेक लावायचा असतो. लाल-हिरवी रंगांधता असलेल्यांना दुरून हिरवा दिवा पांढुरका भासतो आणि लाल-पिवळ्यात गल्लत होते. गाडीत हजारो माणसे असतात. म्हणून हे एक पद त्याला नाकारले गेले ते योग्यच झाले असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याच वेळी त्याच्या बुद्धीबद्दल, मेहनतीबद्दल किंवा एकूण योग्यतेबद्दल या नकाराने काहीही सांगितलेले नाही, हेही तेवढेच स्पष्ट आहे.

तपासणीच्या वेळचा उजेड किंवा पद्धत याबद्दल त्याला रास्त शंका असेल, तर अपात्रतेच्या कागदावर दाद मागण्याविषयी काय लिहिले आहे ते मुदतीत वाचावे. पण त्याआधी सरकारी रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या नेत्रविभागात सविस्तर तपासणी करून घ्यावी. रंगीत चकत्या क्रमाने लावण्याची चाचणी तिथे झाली, तर रंगांधता सौम्य आहे की तीव्र हे कळते, आणि पुढच्या निवडींसाठी ते फार उपयोगी पडते. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले जातील याकडे लक्ष द्या. जन्मजात रंगांधता दोन्ही डोळ्यांत सारखी असते आणि आयुष्यभर तेवढीच राहते. ती वाढत नाही आणि तिच्यामुळे अंधत्व येत नाही. एखाद्याला पूर्वी दिसणारे रंग अलीकडे फिके वाटू लागले किंवा एकाच डोळ्याने वेगळे दिसू लागले, तर तो निराळा आजार असतो आणि तिथे थांबून चालत नाही. विशेषतः क्षयरोगाच्या उपचारातल्या इथॅम्ब्युटॉल या औषधाने काही रुग्णांच्या दृष्टिचेतेला इजा होते आणि लाल-हिरव्यातला फरक पुसट होणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण असते, म्हणून हे औषध घेणाऱ्या कोणालाही असे जाणवल्यास त्याने त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आता उपायांबद्दल. जन्मजात लाल-हिरवी रंगांधता बरी करणारे औषध, थेंब, व्यायाम किंवा शस्त्रक्रिया आज उपलब्ध नाही. गाजर, पालक आणि शेवग्याचा पाला जरूर खावा, पण त्यांतून मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वाच्या अभावी जो होतो तो रातांधळेपणा; रंगांधतेचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्हाला सुचवलेला चष्मा लाल आणि हिरव्या शंकूपेशींचे प्रतिसाद जिथे एकमेकांवर चढतात तो प्रकाशाचा पट्टा गाळतो. त्यामुळे काही रंगांतला फरक ठळक होतो आणि काही वेळा दुसऱ्याच रंगांची गल्लत होऊ लागते. स्पेनमधल्या ग्रॅनाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा एका चष्म्याची तपासणी करून दाखवले की त्याने रंगदृष्टी सुधारत नाही आणि नेहमीच्या माणसासारखे रंग दिसू लागत नाहीत. हौस म्हणून कोणी घेतला तर माझी हरकत नाही, पण नोकरीच्या आशेने त्यावर कष्टाचे पैसे घालवू नका.

लाल लेन्सबद्दल मात्र मला कडक शब्दांत लिहावे लागेल. एका डोळ्यात ती घातली की पुस्तकातले लाल ठिपके उजळ आणि हिरवे काळपट दिसतात, त्यामुळे आकडा वाचता येऊ शकतो. रंग तरीही दिसत नाहीत. फक्त पुस्तकाची युक्ती फसते. रात्री हीच लेन्स डोळ्यात येणारा प्रकाश कमी करते, म्हणजे ज्या वेळी सिग्नल ओळखण्याची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी ती घातक ठरते. वैद्यकीय अधिकारी डोळे तपासताना ती सापडण्याची शक्यता मोठी असते, आणि सापडली तर ती फसवणूक ठरते. शिवाय चालकांची तपासणी सेवेत असतानाही ठरावीक काळाने पुन्हा होते. हा सल्ला देणाऱ्या गृहस्थांना घरात पुन्हा हा विषय काढू देऊ नका. आकडे पाठ करून जाण्याचा मार्ग सुचवणारेही भेटतील, त्यांनाही हेच उत्तर द्या.

संशोधन मात्र थांबलेले नाही, हेही मुलाला कळायला हवे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जे आणि मॉरीन नाइट्झ यांच्या गटाने जन्मतः लाल-हिरवे न ओळखणाऱ्या प्रौढ खारमाकडांच्या दृष्टिपटलात हरवलेले जनुक निरुपद्रवी विषाणूच्या साहाय्याने पोहोचवले, आणि काही महिन्यांनी ती माकडे पूर्वी न दिसणारे रंगीत आकार ओळखू लागली. पूर्ण वाढ झालेल्या मेंदूला नव्या रंगाचा निरोप समजून घेता येतो हे त्यातून दिसले, आणि मला स्वतःला दृष्टिविज्ञानातला तो अत्यंत आनंदाचा शोध वाटतो. माणसांतल्या लाल-हिरव्या रंगांधतेसाठी असा उपचार मात्र अजून रुग्णालयात मिळत नाही. तो देतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

पुढच्या नोकरीचा विचार करताना, रेल्वेच्या भरतीच्या जाहिरातीत प्रत्येक पदापुढे वैद्यकीय वर्ग छापलेला असतो तो आधी वाचायची सवय त्याने लावावी. असिस्टंट लोको पायलट ए-१ या सर्वांत कडक वर्गात येतो. सी-१ आणि सी-२ या वर्गांना रंगदृष्टीची अट नसते, आणि कार्यालयीन कामाची अनेक पदे त्यांत मोडतात. लेखी परीक्षेचे सगळे टप्पे पार करणाऱ्या मुलाला ती वाट बंद नाही. सैन्यदले, पोलीस, विमानचालन आणि जहाजाच्या डेकवरच्या नोकऱ्यांत पुष्कळ ठिकाणी ही अट असते, म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच खात्री करावी. फिटरचे कौशल्य तर त्याच्या हातात आहेच. माप घेणे, घासणे, जुळवणी, यंत्राची देखभाल ही कामे मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि बोटांच्या अंदाजावर चालतात. तापवलेल्या पोलादाचा रंग पाहून ठरवायच्या कामात तापमापक वापरावा आणि विजेच्या तारांच्या बाबतीत रंगावर कधीही विसंबू नये. लाल फेज आणि हिरवी अर्थिंग यांत गल्लत होणे जिवावर बेतू शकते, म्हणून टेस्टर, मीटर आणि तारेवरची चिठ्ठी यांशिवाय हात घालायचा नाही, हा नियम त्याने स्वतःपुरता कायमचा करून टाकावा.

कायद्याच्या बाबतीतही गेल्या काही वर्षांत चित्र बदलत आहे. २०१७ मध्ये, रंगांधतेमुळे एमबीबीएसचा प्रवेश नाकारलेल्या त्रिपुरातल्या विद्यार्थ्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. २०२२ मध्ये पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट संकलनाचा अभ्यासक्रम रंगांध म्हणून नाकारलेल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात, अशा उमेदवारांना संस्थेच्या कोणत्याही अभ्यासक्रमातून वगळू नये असे त्याच न्यायालयाने सांगितले. २०२३ मध्ये तमिळनाडूच्या सरकारी वीज कंपनीने नाकारलेल्या रंगांध अभियंत्यालाही न्यायालयाने नोकरी मिळवून दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या यादीत रंगांधतेचा समावेश नाही, त्यामुळे आरक्षणाचा लाभ त्याला मिळणार नाही. मात्र जिथे ही अट कामाला खरोखर आवश्यक नाही तिथे तिला आव्हान देता येते, हे या निकालांतून दिसते. वाहन परवान्याचेही तसेच आहे. सौम्य आणि मध्यम रंगांधता असलेल्यांना परवाना देण्याची वाट केंद्र सरकारने जून २०२० मध्ये मोकळी केली, तेव्हा मुलाची रंगांधता तीव्र नसेल तर त्याच्या दुचाकीची काळजी सोडा.

दैनंदिन आयुष्यात त्याला फारशी मदत लागणार नाही, कारण तेवीस वर्षे त्याने ती न मागता निभावलेच आहे. बहुतेक मोबाइलमध्ये रंगांधतेसाठी पडद्याचे रंग बदलणारी सोय असते, ती सुरू करून द्या. एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगायला हवी : लघवीतून किंवा शौचातून जाणारे रक्त अशा व्यक्तींच्या नजरेतून सुटू शकते, म्हणून तसा संशय आला तर त्याने संकोच न करता घरातल्या कोणाला तरी दाखवावे. कपड्यांच्या रंगांवरून त्याची थट्टा होत असेल तर ती मात्र बंद करा. हा कोणता रंग, तो कोणता, अशी परीक्षा घेण्याचा मोह पाहुण्यांना फार होतो, आणि अशा मुलांना त्याचाच सर्वाधिक त्रास होतो.

त्याच्या घराबाहेर न पडण्याकडे मी गंभीरपणे पाहते. इतक्या मेहनतीनंतर जे हाती आलेच होते ते ऐनवेळी गेले आहे, त्याचे दुःख होणारच, आणि ते लगेच पुसण्याची घाई कोणी करू नये. पण झोप, जेवण, मित्रांशी बोलणे हे सगळेच काही आठवडे बिघडलेले असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे तो बोलला असेल, तर वाट पाहू नका. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते, आणि हा क्रमांक त्याच्या वतीने तुम्हीसुद्धा फिरवू शकता. शक्य असेल तर त्याची आणि त्याच्या मामाची निवांत भेट घडवून आणा. तेच डोळे घेऊन संसार, कामधंदा सगळे केलेला माणूस घरातच असताना, मुलाला आपण एकटे आहोत असे वाटण्याचे कारण नाही.

मुलीबद्दल : ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. तिच्या वडिलांना रंग व्यवस्थित दिसत असतील तर ती स्वतः रंगांध असण्याचा प्रश्न येत नाही. आज काहीच तपासलेले नसताना, तिला होणारा प्रत्येक मुलगा रंगांध असण्याची शक्यता चारात एक एवढी धरावी. ही माहिती तिला स्वतःला आधी द्या, कारण ती तिची आहे. स्थळ सांगून आलेल्यांपुढे ती आजार म्हणून जाहीर करण्याची मला काहीही गरज वाटत नाही, कारण हा आजार नाही आणि त्याने कोणाचे आयुष्य कमी होत नाही. कोणी विचारले तर मात्र खरे सांगावे, आणि ठरलेल्या मुलाला तिने आपणहून सांगावे की नाही हा निर्णय तिच्यावर सोडावा. तुमच्या मुलाच्या लग्नाच्या वेळीही हाच हिशेब विचारला जाईल, तेव्हा आताच सांगून ठेवते : त्याच्या सगळ्या मुली वाहक असतील, पण पत्नी वाहक नसेल तर त्याच्या मुलग्यांना ही रंगांधता येणार नाही, कारण त्यांना तो आपला एक्स देतच नाही.

बहिणीच्या मुलाची तपासणी जरूर करून घ्या. तुमच्या आई वाहक होत्या असे धरले, तर बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि तिचा मुलगा रंगांध असण्याची शक्यता चारात एक ठरते. इशिहाराची पुस्तिका बहुतेक नेत्रतज्ज्ञांकडे असते आणि तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. तो आठवीत आहे, म्हणजे दहावीनंतर कोणती शाखा आणि कोणता अभ्यासक्रम घ्यायचा हे ठरायला अजून दोन वर्षे हातात आहेत. निदान आले तर वर्गशिक्षकांनाही सांगावे, म्हणजे नकाशातले प्रदेश आणि विज्ञानाच्या प्रयोगातले रंग शिकवताना ते नावे लिहून देतील. तपासणीला नेताना त्याला आधी एवढेच सांगा की यात पास-नापास काही नसते, आणि तपासणीच्या खोलीत त्याच्यासोबत एकच मोठे माणूस असू द्या.